अभियंते आहेत, विमान कोठे आहे?

दरवर्षी बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या गावी राजकीय कार्यकर्त्याकडे दोन प्रकारची माणसे येतात. काहींना शुल्कसवलतीचा अर्ज भरून हवा असतो; काहींना सल्ला हवा असतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशात उतरले. त्यानंतर सल्ला मागणाऱ्यांच्या तोंडी एक प्रश्न आता नवलाचा राहिलेला नाही. मुलीला किंवा मुलाला ‘एरोस्पेस’ घ्यायचे आहे, घ्यावे काय?

या प्रश्नाला समाजात दोन ठरीव उत्तरे मिळतात. पहिले उत्तर देशभक्तीचे: अवश्य घ्यावे, उद्याचा भारत अवकाशात आहे. दुसरे उत्तर व्यवहाराचे: त्या शाखेला नोकऱ्या नाहीत, मुकाट्याने संगणकाची शाखा धरावी. दोन्ही उत्तरे देणारे एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष करतात. वैमानिक अभियंत्याची गरज आपोआप निर्माण होत नाही. विमान बांधण्याचा निर्धार असलेल्या देशालाच त्याची गरज भासते. अर्थशास्त्राच्या भाषेत ही मागणी ‘साधित’ मागणी आहे. ती विमानाच्या मागणीतून जन्मते, आणि तेही विमान देशात आरेखिले जात असेल तरच. म्हणून मुलांना सल्ला देण्यापूर्वी देशाच्या धोरणाचाच हिशेब मांडणे प्राप्त आहे.

शिक्षणाचे स्वरूप आणि जाहिरातींचे मायाजाल

प्रथम हे शिक्षण म्हणजे काय, ते स्पष्ट केले पाहिजे. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात विद्यार्थी प्रामुख्याने चार विषय शिकतो. हवेचा प्रवाह पंखावरून कसा वाहतो आणि त्यातून उचल कशी मिळते, हा पहिला. हलकी पण मजबूत रचना कशी करावी, हा दुसरा. जेट वा रॉकेट इंजिन रेटा कसा निर्माण करते, हा तिसरा. आणि उडत्या यंत्राचा तोल कसा सांभाळावा, त्याचे नियंत्रण कसे करावे, हा चौथा. या चारही विषयांचा पाया गणित आणि भौतिकशास्त्र हाच आहे. हे शिक्षण मूलतः नवे यंत्र आरेखिणाऱ्यासाठी आहे.

विमानतळावर विमानाची तपासणी करून ते उड्डाणास योग्य असल्याची सही करणारा तंत्रज्ञ वेगळा. त्याला एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर म्हणतात. त्याची पात्रता विद्यापीठाच्या पदवीने ठरत नाही. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाची परीक्षा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि परवाना यांवर ती ठरते. हे दोन मार्ग पूर्णपणे निराळे आहेत. परंतु खासगी महाविद्यालयांच्या रंगीत जाहिरातींत हा भेद हेतुपुरस्सर पुसला जातो. पदवी अभ्यासक्रमाच्या पत्रकावर विमानापुढे उभ्या असलेल्या तरुणाचे छायाचित्र असते. आणि शेती गहाण ठेवून लाखो रुपये शुल्क भरणाऱ्या बापाला चार वर्षांनी कळते की या पदवीवर मुलाला विमानाच्या इंजिनाला हातसुद्धा लावता येणार नाही, त्यासाठी वेगळा परवाना हवा.

दुसरा भ्रम इस्रोविषयीचा. ‘एरोस्पेस म्हणजे इस्रो’ हे समीकरण घरोघरी पक्के झाले आहे. वस्तुस्थिती अशी की इस्रोच्या केंद्रीय भरतीत अभियंत्यांच्या जागा मुख्यतः यंत्र, इलेक्ट्रॉनिकी आणि संगणक या शाखांसाठी निघतात. चंद्रयान-३ च्या वेळी इस्रोचे अध्यक्ष असलेले एस. सोमनाथ यांनी कोल्लमच्या महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. अवकाश अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण त्यांनी नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पूर्ण केले. ज्या मुलाला अवकाशाची ओढ आहे त्याने प्रथम एखाद्या चांगल्या सरकारी महाविद्यालयात यंत्र वा इलेक्ट्रॉनिकी शाखा घ्यावी आणि पदव्युत्तर पातळीवर विमान व अवकाशाकडे वळावे, हा मार्ग अधिक भरवशाचा आणि कमी खर्चाचा आहे. हे साधे सत्य सांगण्यात शिक्षणसम्राटांना रस असण्याचे कारण नाही.

आरंभ चांगला झाला होता

या देशात वैमानिक अभियांत्रिकीचा आरंभ कारखाना आणि विद्यापीठ यांच्या जोडीने झाला, हे आज अनेकांना ठाऊक नसते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. युद्ध दारात येताच १९४२ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. त्याच १९४२ साली भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. कारखान्याला माणसे हवी होती आणि ती घडवणारी संस्था त्याच शहरात होती.

या जोडीचे मूर्तिमंत उदाहरण म्हणजे डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपूत जन्मलेला हा माणूस जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकला. आधुनिक वायुगतिकीचा पाया घालणाऱ्या या गुरूचा शिष्य भारतात परतला, विज्ञान संस्थेत शिकवू लागला आणि कारखान्यात विमाने आरेखू लागला. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या एचटी-२ या प्रशिक्षण-विमानाने ऑगस्ट १९५१ मध्ये आकाश गाठले. स्वातंत्र्यानंतर अवघ्या चार वर्षांत देशाने स्वतःच्या आराखड्याचे विमान उडवले होते. पुढे ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण-विमानही याच परंपरेतून आले आणि १९६४ मध्ये उडाले.

१९५६ मध्ये जर्मन आराखडाकार कुर्ट टँक यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय अभियंत्यांनी ‘मारुत’ हे लढाऊ विमान रचले. १७ जून १९६१ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. विमानाचा सांगाडा ध्वनीच्या वेगापलीकडे जाण्याच्या हेतूने आखला होता. पण त्याला साजेसे इंजिन कधीच मिळाले नाही. अपेक्षित ब्रिटिश इंजिनाचा विकास पुरा करण्यासाठी ब्रिटिश सरकारने पैसा दिला नाही आणि भारत सरकारनेही तो खर्च उचलण्याचे नाकारले. परिणामी कमी शक्तीच्या इंजिनावर मारुतला आयुष्य काढावे लागले. सुमारे १४७ विमाने बनली, १९७१ च्या युद्धात ती राजस्थानच्या आघाडीवर उपयोगी पडली, आणि मग तो अध्याय मिटला.

येथेच धोरणाचा रस्ता वळला. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझर येथे मिग-२१ च्या उत्पादनासाठी कारखाना उभारला गेला. ओझरच्या कामगारांनी आणि तंत्रज्ञांनी तेथे शेकडो विमाने बांधली. त्यांच्या कौशल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ओझरने नाशिक परिसरात कुशल कामगारांची एक पिढी उभी केली, हे त्याचे ऋण महाराष्ट्राने मान्य केलेच पाहिजे. परंतु परवान्याखालचे उत्पादन आणि स्वतःचे आरेखन यांत मूलभूत फरक आहे. परवान्यात आराखडा परक्याचा असतो. पंखाची जाडी अमुकच का, हा प्रश्न विचारण्याची मुभा आणि गरज दोन्ही राहत नाहीत. अशा कारखान्याला उत्पादन-अभियंता हवा असतो. वायुगतिकीचा अभ्यासक नको असतो. मारुतच्या आराखड्यानंतर पुढच्या स्वदेशी लढाऊ विमानाला मंजुरी मिळाली ती १९८३ मध्ये. मधल्या काळात आराखडाकारांची जमलेली फळी विखुरली. ज्ञान कागदावर जितके असते त्याहून अधिक ते एकत्र काम करणाऱ्या माणसांत असते. माणसे पांगली की पुढच्या पिढीला पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागतो. तेजस हे विमान ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडाले आणि २०१६ मध्ये वायुदलाच्या पथकात दाखल झाले. या विलंबाची खिल्ली उडवणे सोपे आहे. त्याचे मूळ मधल्या दोन दशकांच्या रिकामपणात आहे, हे खिल्ली उडवणारे सांगत नाहीत.

पळून जाणाऱ्यांना दोष कशासाठी?

या रिकामपणाच्या काळात मुंबई, मद्रास, कानपूर, खरगपूर येथील तंत्रशिक्षण संस्थांतून वैमानिक अभियंते मात्र बाहेर पडतच राहिले. ते कोठे गेले? मुंबईच्या आयआयटीतून १९७३ ते १९७७ या काळात सर्व शाखांत पदवी घेतलेल्यांचा अभ्यास प्रा. सुहास सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्याने केला, तेव्हा त्यांतील तीस टक्क्यांहून थोडे अधिक परदेशी स्थायिक झाल्याचे आढळले. त्या काळात ‘बुद्धिगळती’ हा शब्द प्रत्येक सभेत ऐकू येई. अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी सुचवले की परदेशी गेलेल्या कुशल माणसांच्या मिळकतीवर कर बसवावा आणि तो त्यांच्या मायदेशांच्या विकासाला द्यावा. प्रस्तावामागचा न्याय खरा होता. गरीब देशाच्या करदात्याने घडवलेला अभियंता श्रीमंत देशाला फुकट मिळावा, हे उलट्या दिशेने वाहणारे अनुदानच आहे.

परंतु समाजवाद्यांनी येथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. तो तरुण राहिला असता तर देशाने त्याला काय काम दिले असते? ज्याने पाच वर्षे रेट्याचे गणित केले, त्याला परवान्याच्या आराखड्यावरचे मोजमाप तपासत बसण्याखेरीज दुसरे काय मिळणार होते? त्याच्या जाण्याला केवळ लोभ म्हणणे म्हणजे धोरणकर्त्यांच्या निष्क्रियतेवर नीतीचे पांघरूण घालणे होय. आज तर परदेशी जाण्याचीही आवश्यकता राहिलेली नाही. वैमानिक अभियांत्रिकीचा पदवीधर पदवीनंतर दुसऱ्याच आठवड्यात सॉफ्टवेअर कंपनीत किंवा वित्तसंस्थेत रुजू होतो. देह देशात राहतो, शिक्षण मात्र वाया जाते. या गळतीची नोंद कोणत्याही पारपत्र कार्यालयात होत नाही.

उलट बाजूचा पुरावा याच देशात आहे, आणि तो अवकाश कार्यक्रमाचा. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून पहिले लहान रॉकेट सुटले, तेव्हा तेथील एका चर्चच्या इमारतीत कचेरी होती. १९६९ मध्ये इस्रोची स्थापना झाली. १९८० मध्ये एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, आणि त्यानंतर एएसएलव्ही, पीएसएलव्ही, जीएसएलव्ही असे एकामागून एक यान येत गेले. अपयशे आली, एसएलव्हीचे पहिलेच उड्डाण १९७९ मध्ये फसले. पण काम थांबले नाही, संघ विखुरला नाही. सतीश धवन १९७२ पासून बारा वर्षे अध्यक्ष होते. त्या सातत्यालाही अर्थ आहे.

या संस्थेत कोण राहिले? कन्याकुमारी जिल्ह्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा, तमिळ माध्यमाच्या सरकारी शाळेत शिकलेला, मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९८० मध्ये वैमानिक अभियंता झाला, तो के. सिवन पुढे इस्रोचा अध्यक्ष झाला. त्याच संस्थेत रामेश्वरमचे अब्दुल कलाम त्याच्यापूर्वी दोन दशके तीच विद्या शिकले होते. ही माणसे परदेशी का गेली नाहीत, याचे उत्तर केवळ त्यांच्या त्यागात शोधू नये. त्यांच्यापुढे करण्यासारखे काम होते आणि एका कामानंतर दुसरे काम उभे होते, हे अधिक महत्त्वाचे उत्तर आहे. त्या कामाचे वर्तुळही संस्थेच्या भिंतींत मावले नाही. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात रॉकेटच्या मोटरींची आवरणे घडत आली. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये ‘विकास’ इंजिने तयार होत आली. सार्वजनिक मागणी स्थिर असली की खासगी उद्योगही अवघड कौशल्य आत्मसात करतो, याचा हा धडा आहे.

ब्राझीलचा दाखला

गरीब देशाला नागरी विमान बांधणे परवडत नाही, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. त्याला ब्राझीलने उत्तर दिले आहे. १९५० मध्ये साओ जोसे दोस काम्पोस या गावी तेथील सरकारने वैमानिक तंत्रसंस्था वसवली. शिक्षण आणि निवास विनामूल्य ठेवला. शेजारीच संशोधनकेंद्र होते. त्या केंद्रात फ्रेंच आराखडाकार मॅक्स होल्स्ट यांच्या मार्गदर्शनाखाली एक साधे, दोन पंखा-इंजिनांचे प्रवासी विमान आखले गेले आणि ऑक्टोबर १९६८ मध्ये ते उडाले. ते बांधण्यासाठी १९६९ मध्ये सरकारने ‘एम्ब्रायर’ ही सार्वजनिक कंपनी काढली. तिच्या प्रमुखपदी त्याच तंत्रसंस्थेचा पदवीधर ओझिरेस सिल्वा याला बसवले आणि पहिली मागणी स्वतःच्या वायुदलाकडून दिली. ‘बांदेइरांते’ नावाची ती विमाने जवळजवळ ५०० बनली. भारताने कुर्ट टँक यांना बोलावले त्यानंतर बारा वर्षांनी ब्राझीलचे विमान उडाले होते. आज एम्ब्रायर जगातील प्रवासी जेट बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत गणली जाते.

या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. १९९४ मध्ये कंपनीचे खासगीकरण झाले. फेब्रुवारी २००९ मध्ये मंदीचे कारण देऊन तिने एका फटक्यात चार हजारांहून अधिक कामगारांना घरी पाठवले. सार्वजनिक पैशाने उभारलेल्या ज्ञानावर नफा खासगी आणि तोट्याची झळ कामगाराला, हा न्याय तेथेही चुकला नाही. म्हणून ब्राझीलकडून आरंभीचा भाग घ्यावा, उत्तरार्ध सोडावा.

भारताने या दिशेने प्रयत्नच केला नाही, असे नाही. राष्ट्रीय वैमानिक प्रयोगशाळेने चौदा आसनांचे ‘सारस’ विमान आखले आणि मे २००४ मध्ये उडवले. ६ मार्च २००९ रोजी बंगळूरजवळ चाचणी-उड्डाणात ते कोसळले. दोन वैमानिक आणि एक चाचणी-अभियंता मृत्यू पावले. त्यांच्या बलिदानाचा खरा आदर दोष शोधून काम पुढे नेण्यात होता. प्रत्यक्षात प्रकल्प वर्षानुवर्षे अडगळीत पडला. सुधारित सारस उडाले ते जानेवारी २०१८ मध्ये. बांदेइरांतेच्या वर्गातले विमान ज्या देशाला पन्नास वर्षांत बाजारात आणता आले नाही, त्याच देशाच्या संरक्षण संशोधकांनी ‘नेत्र’ ही टेहळणी यंत्रणा रचली तेव्हा ती बसवण्यासाठी विमान एम्ब्रायरकडून घेतले. घाटग्यांच्या कोल्हापुरातही प्रादेशिक सेवेची म्हणून जी जेट विमाने उतरली, ती ब्राझीलमध्येच बनलेली होती.

आजच्या नोकऱ्या आणि त्यांचा मालक

आज या शाखेला नोकऱ्याच नाहीत, असे म्हणणे असत्य ठरेल. बोइंगने जानेवारी २०२४ मध्ये बंगळूरजवळ ४३ एकरांवर अभियांत्रिकी केंद्र सुरू केले. एअरबस आणि जनरल इलेक्ट्रिक यांची केंद्रेही त्याच शहरात आहेत. हजारो भारतीय अभियंते तेथे जागतिक दर्जाचे काम करतात, पगारही चांगला मिळवतात. त्यांना हिणवण्याचा कोणालाही अधिकार नाही. पण त्या कामाचा स्वामी कोण, हा प्रश्न आर्थिक आहे. भारतीय अभियंता पंखाच्या एका भागाचे गणित करतो. संपूर्ण विमानाचा आराखडा, त्याचे स्वामित्व आणि विक्रीतला नफा सिॲटल किंवा तुलूज येथे जमा होतो. आणि मग तेच विमान भारत पूर्ण किमतीला विकत घेतो. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची आणि इंडिगोने त्याच वर्षीच्या जूनमध्ये ५०० विमानांची मागणी जाहीर केली. अवघ्या चार महिन्यांत जवळजवळ एक हजार विमानांचे गिऱ्हाईक ठरणाऱ्या देशाचे अभियंते परक्यांच्या आरेखनमेजावर मजुरी करतात, ही विसंगती कोणा अर्थमंत्र्याला टोचलेली दिसत नाही.

गिऱ्हाइकाच्या या सामर्थ्याचा उपयोग पूर्वी किती झाला? एअर इंडिया सार्वजनिक मालकीची असताना २००५ च्या अखेरीस बोइंगकडे ६८ विमानांची मागणी नोंदवली गेली. त्या व्यवहाराच्या बदल्यात नागपूरच्या मिहानमध्ये विमानदुरुस्तीचे केंद्र बांधून मिळाले आणि २०१५ मध्ये ते सुरू झाले. नागपूरच्या तंत्रज्ञांना काम मिळाले, हे चांगलेच झाले. पण इतक्या मोठ्या खरेदीतून आरेखनाचा एक धागाही हाती लागू नये, यात सौदा करणाऱ्यांची महत्त्वाकांक्षा किती तोकडी होती ते दिसते. वडोदऱ्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेला सी-२९५ विमानांचा कारखाना घ्या. तेथे बांधली जाणारी विमाने वायुदलाच्या ज्या ॲव्ह्रोंची जागा घेणार, ती ॲव्ह्रो साठच्या दशकात कानपूरला परवान्याखाली बांधली जात होती. साठ वर्षांनंतरही आराखडा परकाच; बदलला तो एवढाच की कारखाना सार्वजनिक क्षेत्राऐवजी टाटांचा आहे.

इंजिनाचे दुखणेही मारुतच्या काळापासून तसेच आहे. तेजससाठी म्हणून १९८९ मध्ये मंजूर झालेल्या ‘कावेरी’ इंजिनाची २००८ मध्ये त्या विमानापासून फारकत करण्यात आली. ओझरच्या नव्या मांडणीतून बाहेर पडलेले पहिले तेजस १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उडाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मिग-२१ निवृत्त झाले होते. ओझरच्या कामगाराने परक्या आराखड्यापासून स्वदेशी आराखड्यापर्यंतचा हा प्रवास पुरा केला, याचा अभिमान वाटावा. परंतु त्या विमानाच्या पोटात अमेरिकन इंजिन आहे आणि ते वेळेवर येत नाही म्हणून बांधलेले सांगाडे खोळंबतात.

अवकाश क्षेत्र २०२० पासून खासगी कंपन्यांना खुले झाले. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी एका खासगी कंपनीचे पहिले रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडाले. तिचे संस्थापक इस्रोतच घडलेले अभियंते होते. तरुणांचा उत्साह स्वागतार्ह आहे. तथापि सार्वजनिक संस्थेने साठ वर्षांत जमवलेले ज्ञान, प्रक्षेपण-तळ आणि चाचणी-सुविधा यांचे मूल्य कोण भरणार, हा प्रश्न अनुत्तरित आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. सार्वजनिक संस्थांतील पदे घटत गेली आणि काम कंत्राटावर गेले, तर दलित, आदिवासी आणि मागास समाजांतील मुलांना या क्षेत्राचा दरवाजा पुन्हा बंद होईल. शिक्षणाच्या दारावरचे शुल्क तर वाढलेच आहे: आयआयटीतील पदवीचे वार्षिक शिक्षणशुल्क २०१६ मध्ये ९० हजारांवरून २ लाखांवर नेण्यात आले. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अत्यल्प उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना माफी आहे. पण मधल्या शेतकरी-कामगार घरांतील मुलगा कर्ज काढूनच शिकतो. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला तरुण बारा वर्षांच्या संशोधनप्रकल्पात कसा रमेल? तो जास्त पगार देईल त्या दारात जाणारच. शुल्कवाढ करणारे सरकारच देशसेवेचे प्रवचन देते, तेव्हा त्यात प्रामाणिकपणा राहत नाही.

कामगाराविषयीची दृष्टीही अशीच आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये एचएएलच्या कामगारांना वेतनकराराच्या प्रश्नावर देशभरातील कारखान्यांत बेमुदत संप करावा लागला. विमान हे अभियंता आणि फिटर यांच्या संयुक्त श्रमांचे फळ आहे. त्यांपैकी एकाला अपमानित ठेवून दुसऱ्याच्या हातून दर्जेदार यंत्र निर्माण होत नाही.

काय मागायचे?

ज्या देशात एसटीची बस वेळेवर येत नाही तेथे विमानाची चर्चा कशाला, असा आक्षेप कार्यकर्त्यांतूनच येईल. आक्षेप प्रामाणिक आहे. पण १९९९ च्या ओरिसातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ च्या ‘फायलिन’ वादळात लाखो लोकांना वेळीच हलवल्यामुळे बळींची संख्या काही दशकांपुरती मर्यादित राहिली. त्या पूर्वसूचनेत उपग्रहांचा वाटा होता. हे तंत्रज्ञान श्रीमंतांची चैन ठरते की गरिबांचे संरक्षण, हे ते कोणाच्या मालकीचे आहे आणि कोणत्या कामी लावले जाते यावर अवलंबून असते. दुसरा आक्षेप असा की हे क्षेत्र युद्धसामग्रीचे आहे. त्यावरचा उपाय नागरी विमानाचा आग्रह धरणे हाच आहे. शस्त्राखेरीज दुसरे कामच नसेल तर अभियंता शस्त्रच बनवील.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रादेशिक सेवेसाठी एका नागरी विमानाचा प्रकल्प सार्वजनिक क्षेत्रात हाती घ्यावा आणि वायुदल, टपाल, तटरक्षक व प्रादेशिक सेवा यांच्याकडून त्याची निश्चित मागणी आधीच नोंदवावी. सरकार बदलले वा एखादे उड्डाण फसले तरी खंडित होणार नाही असा इंजिन-कार्यक्रम चालवावा. परदेशी विमानांच्या प्रत्येक मोठ्या खरेदीत आरेखनातील वाटा ही अट असावी. सार्वजनिक संशोधनाचा लाभ घेणाऱ्या खासगी कंपन्यांवर स्वामित्वशुल्क आणि सामाजिक न्यायाचे बंधन असावे. आणि या शाखेचे शिक्षण विकणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने मागील पाच वर्षांत किती पदवीधरांना प्रत्यक्ष विमान वा अवकाश क्षेत्रात काम मिळाले, ते प्रवेशपत्रिकेच्या पहिल्या पानावर छापावे, असा नियम राज्य सरकारने करावा. या शेवटच्या मागणीसाठी दिल्लीला जाण्याचीही गरज नाही. ती जिल्ह्याच्या पातळीवर उद्यापासून लावून धरता येईल.

दरम्यान बारावीची गुणपत्रिका घेऊन आलेल्या मुलीला खरे तेच सांगावे. गणित आवडत असेल, सरकारी वा नामांकित संस्थेत प्रवेश मिळत असेल, तर ही विद्या जरूर शिकावी. तिच्याइतकी बुद्धीचा कस पाहणारी शाखा विरळा. खासगी महाविद्यालयाच्या जाहिरातीवर घर गहाण टाकू नये. आणि शिकून बाहेर पडल्यावर काम मिळाले नाही, तर स्वतःला नालायक समजू नये. अभियंता घडवणे हे विद्यापीठाचे काम होते, त्याने ते केले. विमान हाती घेणे हे सरकारचे काम होते. ते त्याला करावयास लावणे, हे संघटित लोकमताचे काम आहे.